विद्यार्थ्यांचा ताण, कोरोनाचा काळ आणि आरोग्याच्या सवयी

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात अंबाजोगाई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेने आम्हांला बोलण्यासाठी जो विषय दिला तो खरे पाहता एखाद्या डॉक्टरांचा किंवा मानसशास्त्राच्या प्राध्यापकांचा आहे. आम्ही पडलो बँकेतील कारकून. परंतु कोरोनाच्या काळात बँका बंद नव्हत्या. गावातील बहुतेक दारे बंद असताना आमची खिडकी उघडी होती आणि त्या खिडकीतून समाजाचे जे दर्शन घडले ते विसरता येण्यासारखे नाही. त्या अनुभवाच्या आणि थोड्याफार वाचनाच्या बळावर चार गोष्टी आपल्यापुढे मांडत आहोत.

प्रथम तो काळ आठवू या. जागतिक आरोग्य संघटनेने 11 मार्च 2020 रोजी कोरोना ही जागतिक महामारी असल्याचे जाहीर केले. 22 मार्चला जनता संचारबंदी झाली आणि 25 मार्चपासून संपूर्ण देशात टाळेबंदी सुरू झाली. वसतिगृहे रिकामी झाली, खानावळी बंद पडल्या. शिक्षणासाठी केज, धारूर, परळी, माजलगावकडून अंबाजोगाईत आलेली मुले मिळेल त्या वाहनाने आणि वाहन न मिळाल्यास पायी आपापल्या गावी परतली. चार दिवसांत परत येऊ म्हणून पुस्तके खोलीवरच राहिली. ती पुस्तके कित्येकांच्या हाती वर्षभर पडली नाहीत.

आपल्या बीड जिल्ह्याची आणखी एक व्यथा होती. आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. टाळेबंदी लागली तेव्हा हजारो आई-वडील पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या फडात, कोपीवर अडकून पडले. 17 एप्रिल 2020 रोजी शासनाने त्यांना गावी परतण्याची परवानगी दिली. तोपर्यंत आणि त्यानंतरच्या विलगीकरणाच्या दिवसांत गावातले घर सांभाळले कोणी? म्हाताऱ्या आजीने आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या थोरल्या मुलाने किंवा मुलीने. वय वर्षे एकोणीस-वीस. पुढ्यात धाकटी भावंडे, घरात संपत आलेले धान्य आणि डोक्यावर परीक्षेची टांगती तलवार. एप्रिल, मे आणि जून 2020 या तीन महिन्यांत महिलांच्या जनधन खात्यांवर दरमहा 500 रुपये जमा झाले. खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस वाटून दिलेले होते. बँकेसमोर चुन्याने आखलेल्या वर्तुळांत आयाबाया उन्हात उभ्या असत आणि त्यांची पावती भरून देण्यास सोबत हीच मुले येत. पदवीचा अभ्यास करणारा मुलगा पाचशे रुपयांसाठी आईबरोबर तीन तास रांगेत उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालले असेल याचा विचार आपण त्यावेळी केला नाही. सवडही नव्हती.

मग आले ऑनलाइन शिक्षण. घरात मोबाईल एक आणि शिकणारी मुले तीन. रेंज घरात नाही, शेतातल्या लिंबाच्या झाडाखाली आहे. अंतिम वर्षाच्या परीक्षा होणार की नाही यावर महिनोन्‌महिने वाद चालला. 28 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही. तोपर्यंत विद्यार्थी रोज एक नवी बातमी ऐकत होता आणि रोज नव्याने घाबरत होता. 2021 साली तर दहावी-बारावीच्या लेखी परीक्षाच रद्द झाल्या. दहावीचा निकाल 99.95 टक्के आणि बारावीचा 99.63 टक्के लागला. आनंदाचे पेढे वाटावेत असा हा आकडा. पण तोच या मुलांच्या कपाळी डाग म्हणून बसला. ‘कोरोना बॅच’ हा शब्द आपण सर्वांनी ऐकला आहे. मुलाखतीला गेले तरी, सोयरिकीची बोलणी निघाली तरी, चेष्टेत का होईना, तो शब्द येतो. मित्रहो, परीक्षा रद्द करा असा अर्ज या मुलांनी केला नव्हता. त्यांची परीक्षा कागदावर झाली नाही, पण घरात, शेतात आणि दवाखान्याच्या दारात झाली. ती त्यांनी दिली आहे. तेव्हा हा शब्द निदान आपल्या घरांतून तरी हद्दपार झाला पाहिजे.

एप्रिल 2021 चे दिवस सांगताना आजही शब्द अडखळतात. दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन, खाटा, इंजेक्शने यांसाठी नातलगांची धावाधाव चालली होती. त्याच महिन्याच्या अखेरीस आपल्या गावात एकाच रुग्णवाहिकेतून 22 मृतदेह स्मशानभूमीकडे नेले गेल्याची बातमी देशभर पोहोचली. दोष कोणाचा याची चर्चा तेव्हा झाली, ती येथे करावयाची नाही. आम्हांला सांगावयाचे आहे ते असे की, ज्या घरातील माणूस गेला त्या घरातल्या मुलाला वडिलांचा चेहरा शेवटचा पाहता आला नाही, चार माणसे घरी येऊन बसली नाहीत, कोणी पाठीवर हात ठेवला नाही. दुःख वाटून घेण्याची आपली जी रीत आहे ती त्या वर्षी बंद होती. असे न रडलेले रडू पुढे दुसऱ्या वाटेने बाहेर येते. कोणाची झोप जाते, कोणाचे अभ्यासात लक्ष लागत नाही, कोणी एकाएकी चिडखोर होते. आपण म्हणतो, पोरगा बिघडला.

येथे ताण म्हणजे काय हे थोडे समजून घेऊ. शेतात चालताना पायाजवळ साप दिसला तर काय होते? छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हातपाय सावध होतात. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या लहान ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात मिसळतात आणि शरीर पळण्यास किंवा लढण्यास सज्ज होते. साप निघून गेला की थोड्या वेळात सर्व शांत होते. हा ताण उपकारकच आहे. परंतु कोरोनाचा साप दोन वर्षे पायाजवळून हललाच नाही. शरीर सतत सावध राहिले. अशा वेळी झोप उडते, पचन बिघडते, डोके दुखते, वाचलेले लक्षात राहत नाही. म्हणजे ताण हा मनाचा दुबळेपणा नसून ती शरीराची अवस्था आहे. महामारीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य यांचे जगातील प्रमाण सुमारे 25 टक्क्यांनी वाढले आणि त्याची झळ तरुणांना व स्त्रियांना अधिक बसली, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2022 मध्ये सांगितले. आपल्या देशातील गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी मन विषण्ण करणारी आहे. 2019 साली 10,335, 2020 साली 12,526 आणि 2021 साली 13,089 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. 2021 मध्ये त्यांतील सर्वाधिक, 1,834 विद्यार्थी आपल्या महाराष्ट्रातील होते. हे आकडे नव्हेत, ही घरे आहेत.

5 मे 2023 रोजी महामारीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले. मुखपट्ट्या गेल्या, महाविद्यालये गजबजली. पण त्या काळात लागलेल्या सवयी मागे राहिल्या. रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईल, सकाळी दहाला उठणे, न जेवता चहावर दिवस काढणे, माणसांत मिसळायला नको वाटणे, या सवयी टाळेबंदीत लागल्या आणि टाळेबंदी उठल्यावरही उठल्या नाहीत.

आता आपल्या समाजापुरती एक गोष्ट स्पष्टपणे बोलावयाची आहे. आपल्याकडे मुलांना लहानपणापासून सांगितले जाते, बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत. चौदा एप्रिलच्या निमित्ताने सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम ठिकठिकाणी होतात. त्यामागील भावना थोर आहे आणि वर्षातून एक दिवस मुलांनी एकत्र बसून वाचावे यात आनंदच आहे. परंतु तो एक दिवसाचा संकल्प वर्षभराचा मापदंड होता कामा नये. बाबासाहेबांनी परदेशात अर्धपोटी राहून अभ्यास केला, कारण शिष्यवृत्तीची मुदत ठरलेली होती, पैसा तुटपुंजा होता आणि मागे कोट्यवधी माणसे उभी होती. ती त्यांची निवड नव्हती, परिस्थितीची सक्ती होती. पुढील आयुष्यात मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने त्यांना किती छळले हे आपण जाणतोच. त्यांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय काढले ते आपल्या मुलांना त्यांच्यासारखे उपाशीपोटी शिकावे लागू नये म्हणून. अठरा तासांचा आकडा आपण पाठ केला. पण तेच बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, त्यांना बागेची आवड होती, हे आपण मुलांना सांगत नाही.

या संदर्भात सोण नावाच्या भिक्खूची कथा आपणांस ठाऊक असेल. श्रीमंत घरातला हा तरुण इतक्या जिद्दीने साधना करू लागला की चालून चालून त्याचे तळवे रक्तबंबाळ झाले, आणि तरीही मन स्थिर होईना. तेव्हा सारे सोडून घरी जावे असे त्याला वाटू लागले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला विचारले की, वीणेची तार फार ताणली तर ती नीट वाजते काय, आणि सैल सोडली तर वाजते काय? अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आजच्या स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला तंतोतंत लागू आहे. म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे : मुलाला ‘किती तास अभ्यास केलास’ हे विचारण्याआधी ‘किती तास झोपलास आणि काय जेवलास’ हे विचारा.

आता सवयींकडे वळू.

पहिली सवय झोपेची. अठरा ते पंचवीस वयाच्या तरुणास सात ते नऊ तास झोप लागते. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेत. म्हणजे झोप मोडून केलेला अभ्यास हा फाटक्या पोत्यात धान्य भरण्यासारखा आहे. अंथरुणात मोबाईल पाहिल्याने त्याच्या प्रकाशामुळे झोप लांबते. रात्री दहाला घेतलेल्या चहा-कॉफीतील निम्मे उत्तेजक द्रव्य पहाटे तीनपर्यंत अंगात राहू शकते. तेव्हा निजण्यापूर्वी तासभर मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि दुसरी खोली नसेल तर देवळीत किंवा फडताळात ठेवावा. उठण्याची वेळ मात्र रोज एकच असावी. ती सांभाळली म्हणजे निजण्याची वेळ हळूहळू आपोआप जागेवर येते.

दुसरी सवय आहाराची. पौष्टिक आहार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बदाम-काजू आणि डबाबंद पावडरी येतात आणि आपण म्हणतो, हे आपल्याला परवडणारे नाही. मित्रहो, ज्वारीची भाकरी, तुरीचे वा मुगाचे वरण, तांदुळजा, अंबाडी, मेथी अशी एखादी पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि ताक हा आपल्या मराठवाड्याचा पिढीजात आहार उत्तम आहार आहे. मिळेल त्याने अंडे खावे, आठवड्यातून एकदा मासळी-मटण खावे, पेरूच्या दिवसांत पेरू खावा. खोली करून राहणाऱ्या मुलांनी मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे आणि गुळाचा खडा जवळ ठेवावा. वडापाव आणि बिस्किटपुडा यांवर दिवस काढू नये. मुलींविषयी विशेष सांगावयाचे आहे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक. मुलगी दमते, तिला वाचताना डुलकी येते, म्हणून तिला आळशी म्हणण्याआधी तिचे रक्त तपासून घ्या. आणि घरात सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले खाण्याची पाळी तिच्यावर येत असेल तर ती रीत आजच मोडा.

तिसरी सवय चालण्याची. आठवड्याला किमान 150 मिनिटे दमदार हालचाल असावी असे आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणे. त्याला व्यायामशाळेची फी पडत नाही. आपल्या गावाला डोंगर आहे. मुकुंदराजांच्या समाधीकडे जाणारी वाट आहे. दोघा-चौघांनी मिळून जावे. चालण्याने रात्रीची झोप लागते आणि बरोबर चालणाऱ्याशी जे बोलणे होते ते समोरासमोर बसून कधी होत नाही.

चौथी गोष्ट व्यसनाची. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी पुडी कोठे मिळते हे पोरांना विचारावे लागत नाही. ताण घालविण्यासाठी म्हणून तंबाखू, सिगारेट, दारू यांचा आधार घेणारा विद्यार्थी ताण घालवीत नाही, पुढे ढकलतो. आणि बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर पुढे ढकललेल्या हप्त्यावर व्याज चढते.

पाचवी आणि सर्वांत अवघड सवय बोलण्याची. ‘मला जमत नाही’ हे वाक्य घरात उच्चारण्याची मुभा मुलांना असली पाहिजे. शिष्यवृत्ती उशिरा आली, स्वाधार योजनेचा अर्ज अडकला, खोलीचे भाडे थकले, या गोष्टी मूल महिनोन्‌महिने मनात ठेवते, कारण गावाकडे आई-वडील आधीच कर्जात आहेत हे त्याला ठाऊक असते. त्याने सांगितले तर पैसा उभा राहीलच असे नाही. पण ओझे दोघांत वाटले जाते.

तथापि सवयींनी सर्व काही बरे होते असा आमचा दावा नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक गेली असेल किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर उपदेश थांबवून डॉक्टरांकडे जावे. आपले भाग्य असे की, 1970 च्या दशकात ग्रामीण भागासाठी म्हणून सुरू झालेले स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच गावात आहे. तेथे मानसोपचाराची सोय आहे. तापासाठी आपण तेथे जातो तसे मनासाठीही जावे. लपूनछपून जाण्याचे कारण नाही. केंद्र शासनाने 10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक 14416. मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक आपापल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानून तिला शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असे निर्देश दिले. आपल्या मुलाच्या महाविद्यालयात असा समुपदेशक आहे काय, हे विचारण्याचा पालकांना अधिकार आहे. तो त्यांनी बजावावा.

शेवटी समाज म्हणून आपले कर्तव्य. कोणतीही चांगली सवय एकट्या मुलाची नसते, ती घराची आणि वस्तीची असते. दोन खोल्यांच्या घरात रात्री अकरापर्यंत टीव्ही चालू असेल तर मुलाने दहाला निजावे कसे? म्हणून संस्थेपुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवतो. विहारातील सभागृह सकाळी सहा ते नऊ आणि सायंकाळी सहा ते नऊ या वेळांत अभ्यासिका म्हणून खुले असावे आणि रात्री नऊला ते बंद व्हावे, म्हणजे मुले वेळेवर घरी जातील. शिष्यवृत्ती आणि स्वाधारचे अर्ज भरून देण्यासाठी नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी दोघांनी दर रविवारी दोन तास तेथे बसावे. त्यात आमचे नाव प्रथम लिहून घ्यावे. आणि कोरोनात ज्या घरातला कमावता माणूस गेला त्या घरात शिकणारी मुले किती, याची यादी करून प्रत्येक घराशी एका सभासदाने महिन्यातून एकदा भेटीचे नाते ठेवावे. मदत द्यायलाच जावे असे नाही, चहा प्यायला जावे. 2021 साली जी चार माणसे त्या घरात जाऊन बसू शकली नाहीत, त्यांनी आता जावे. उशीर झाला आहे, पण वेळ गेलेली नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही शिकून मोठे व्हावे ही आम्हां सर्वांची इच्छा आहे. परंतु त्याआधी तुम्ही धडधाकट असावे, पोटभर जेवावे, शांत निजावे आणि अडचण आली तर आमचे दार वाजवावे, ही इच्छा त्याहून मोठी आहे. पदवी एखादे वर्ष उशिरा आली तरी चालेल, तुम्ही मात्र सुखरूप असले पाहिजे.



जयभीम.